हॅम्बुर्गच्या बीमवर, जखमी सेन्सरसोबत

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॅम्बुर्गला जाऊन आले. तिथल्या डेझी या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आमच्या गटाला इलेक्ट्रॉनांचा बीम, म्हणजे झोत, मिळाला होता, एका सोमवार सकाळपासून पुढच्या सोमवार सकाळपर्यंत. गेले कामाला, पण आठवडाभर एखाद्या गावात राहून रात्री-अपरात्री जागलं की गावही थोडंफार बघून होतं. या कामाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

आधी काम काय ते सांगते. जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेत जो एलएचसी (प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं महायंत्र) आहे, तो २०३० च्या आसपास नव्या ताकदीनं सुरू होईल. दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातील आणि दर वेळी २०० पर्यंत टकरी होतील. त्या जागेपासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर सिलिकॉनच्या पिक्सेल सेन्सरचा पहिला थर बसणार. कण कुठून गेला हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जवळून त्याला कळतं, आणि सगळ्यात जास्त मारही तोच खातो. त्याच्या आयुष्यात एका चौरस सेंटिमीटरमधून १ वर १६ शून्यं इतक्या न्यूट्रॉनांच्या तोडीचा मारा होईल. त्या माऱ्यानं स्फटिकातले अणू जागचे उडतात. मग सेन्सरमधून काही कारण नसताना करंट गळू लागतो, त्याला पूर्ण जागं करायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि कणानं निर्माण केलेला चार्ज वाटेतच अडकून पडतो.

म्हणून आम्ही सेन्सर आणि त्याला जोडलेली चिप आधीच प्रोटॉनच्या किंवा न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतो. युरोपात त्यासाठी ठरलेल्या जागा आहेत: कार्ल्सरूहचा सायक्लोट्रॉन, ल्युब्लियानाची छोटी अणुभट्टी, सर्नचीच २४ जीईव्ही (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉनची सोय. वर्षानुवर्षांचा मार थोड्या वेळात देऊन झाला की मग विचारायचं, बाबा, अजून दिसतंय का? या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेतल्या टेबलावर पुरतं मिळत नाही. त्यासाठी खरे कण लागतात, ते कुठून गेले हे आपल्याला आधीच माहीत असावं लागतं, आणि म्हणून बीम लागतो.

सोमवार

आदल्या रात्री पोहोचले होते. आमची प्रयोगशाळा दक्षिण जर्मनीत, त्यामुळे प्रवास रेल्वेचाच. सेन्सर मात्र माझ्याबरोबर नव्हते. किरणोत्सर्गी सामान बॅगेत घालून गाडीत बसता येत नाही. त्याचे कागद वेगळे, वाहन वेगळं. आमचा इटालियन इंजिनियर सहकारी ते रीतसर कागदपत्रांसह घेऊन आला, शीतपेटीत आणि सोबत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवून.

सकाळी हॅम्बुर्गचा तो प्रसिद्ध आडवा पाऊस. छत्री उघडायच्या फंदात इथले लोक पडत नाहीत, सरळ रेनकोट. डेझी बारेनफेल्ड या उपनगरात आहे. आवारात शिरलं की कॉलेजच्या कँपससारखीच झाडं, सायकली, विटांच्या इमारती. १९५९ साली ही संस्था सुरू झाली. कण गोल फिरवणाऱ्या इथल्याच पेट्रा रिंगवर १९७९ मध्ये ग्लुऑनचा, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणाचा, पुरावा मिळाला. आम्ही ज्यावर काम करणार होतो ती डेझी-२ रिंग जेमतेम ३०० मीटर घेराची आहे, आणि आज तिचं मुख्य काम पेट्राला इलेक्ट्रॉन पुरवायचं.

त्या रिंगमधून बीम काढायची युक्ती मला फार आवडते. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत कार्बनचा एक धागा आणतात, काही मायक्रॉन जाडीचा. त्याला चाटून जाताना काही इलेक्ट्रॉन फोटॉन फेकतात. ते फोटॉन पुढे धातूच्या पत्र्यावर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनवतात. चुंबक त्यांना ऊर्जेप्रमाणे फाकवतो, आणि शिशाच्या फटीतून हवे तेवढे आपल्याकडे येतात. १ ते ६ जीईव्ही, जे हवं ते चुंबकाचा करंट बदलून स्वतःच निवडायचं. मुख्य रिंगला याचा पत्ताही लागत नाही.

आधीचा गट निघत होता, आम्ही शिरत होतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतीआड प्रयोगाची जागा आणि बाहेर लागूनच संगणकांनी भरलेली खोली, जिला सगळे हट म्हणतात. दिवस सुरक्षेच्या प्रशिक्षणात आणि केबल ओढण्यात गेला. बीम सोडण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना, हे एका माणसानं कोपरा न् कोपरा फिरून पाहायचं, ठरलेल्या क्रमानं बटणं दाबायची, मग दार लावायचं. मधूनच कोणी दार उघडलं की बीम आपोआप बंद. आठवडाभरात हे इतक्या वेळा करावं लागतं की आत जायच्या आधीच माणूस आतल्या कामांची यादी करायला शिकतो. नव्या विद्यार्थ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: दार उघडण्याआधी यादी कागदावर लिहा.

मंगळवार

हा दिवस टेलिस्कोपचा. सहा पातळ सेन्सरांची रांग असते, प्रत्येक ५० मायक्रॉन जाडीचा. तीन आपल्या सेन्सरच्या अलीकडे, तीन पलीकडे, मधल्या जागेत आपली शीतपेटी. या सहा ठिपक्यांवरून रेषा आखली की इलेक्ट्रॉन आपल्या सेन्सरमधून नेमका कुठून गेला ते काही मायक्रॉनपर्यंत कळतं. आमचे पिक्सेल २५ बाय १०० मायक्रॉनचे, म्हणजे एका पिक्सेलच्या आतसुद्धा कुठे गेला ते सांगता येतं. टेलिस्कोप सांगतो, कण इथून गेला. आपला सेन्सर हो म्हणतो की गप्प बसतो, एवढंच मोजायचं. हो म्हणण्याचं प्रमाण म्हणजे कार्यक्षमता, आणि ती ९९ टक्क्यांच्या आसपास हवी.

यात एक गोम आहे, नवीन माणूस तिथे हमखास गोंधळतो. इथल्या मिमोसा-२६ टेलिस्कोपचे सेन्सर स्थान अचूक सांगतात, पण एक चित्र पुरं करायला त्यांना ११५ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात आणखी कणही येऊन जातात. आपला सेन्सर मात्र २५ नॅनोसेकंदांच्या खिडकीतून बघतो. उशिरा आलेल्या कणाला तो गप्प बसला तर दोष त्याचा नव्हे. म्हणून रांगेत आणखी एक ताजा, मार न खाल्लेला, वेगवान सेन्सर साक्षीदार म्हणून लावतात. त्यानंही जो कण पाहिला तोच हिशेबात घ्यायचा. हा साक्षीदार नसेल तर उत्तम सेन्सरही नापास दिसेल.

संध्याकाळी बीम आला. पडद्यावर सहाही थरांत ठिपके उमटू लागले, आणि एका थराचा ठिपका दुसऱ्याशी जुळतो आहे हे दाखवणारी तिरकी रेषा दिसली. ती रेषा दिसली की सगळ्यांचे चेहरे सैल होतात.

जेवायला अल्टोनामध्ये गेलो. तळलेला मासा, वर भरपूर शेपू घातलेलं बटाट्याचं सॅलड. मी रत्नागिरीची, त्यामुळे माशाच्या बाबतीत माझं मत सहज कोणाच्या बाजूनं जात नाही. पण तो मासा ताजा होता आणि त्याला मसाल्याची गरज नव्हती, हे मान्य करते.

बुधवार, गुरुवार

खऱ्या कामाला सुरुवात झाली आणि हवेनं परीक्षा घेतली.

मार खाल्लेला सेन्सर उबेत ठेवता येत नाही. तापमान साधारण ७ अंशांनी वाढलं की गळणारा करंट दुप्पट होतो. करंट वाढला की सेन्सर तापतो आणि तापला की करंट आणखी वाढतो. हे चक्र सुटलं तर मॉड्यूल, म्हणजे सेन्सर आणि चिपची जोडी, गेलंच. आणखी एक कारण: उबेत सेन्सरच्या जखमा बदलतात. सुरुवातीला थोड्या भरून येतात, म्हणून ६० अंशांवर ८० मिनिटं ठेवण्याचा रिवाजच आहे. पण त्यापुढे जास्त वेळ ठेवलं तर उलटं होऊन लागणारं व्होल्टेज पुन्हा चढू लागतं. म्हणून शीतपेटीतल्या त्या तापमान-नोंदीला आम्ही सेन्सरइतकंच जपतो. नोंद नसेल तर सेन्सरचा इतिहासच हरवतो.

आमच्या पेटीत थंडावा सुक्या बर्फाचा होता. उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, त्याच्या गोळ्या थर्माकोलच्या कप्प्यात. दर काही तासांनी भरायच्या. जाड हातमोजे घालूनच, आणि खोलीत हवा खेळती ठेवून, कारण तो वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आत सेन्सर उणे ३० च्या आसपास. पेटीत सतत कोरडा नायट्रोजन सोडायचा, नाहीतर बाहेरची दमट हवा शिरून दव गोठतं.

बुधवारी रात्री ६०० व्होल्टवर मोजमाप चालू असताना करंट हळूहळू वर सरकू लागला. तापमान तर जागच्या जागी. शिफ्टवर मी आणि स्लोव्हेनियाचा एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक. माणूस शांत, बोलणं मोजकं. त्यानं करंटकडे पाहिलंच नाही, आर्द्रतेच्या आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्होल्टेज उतरव, आधी ते कर, कारण नंतर शोधू." मी उतरवलं. आत जाऊन पाहतो तर नायट्रोजनची नळी जोडापाशी सैल झालेली, आणि बाहेर हॅम्बुर्गचा पाऊस कोसळतच होता. सेन्सरच्या काठाला शेकडो व्होल्ट असतात आणि खालची चिप शून्यावर. दोन्हींमध्ये अंतर काही मायक्रॉनचं. ओल धरली की तिथे ठिणगी उडू शकते. आमच्या मॉड्यूलवर पॅरिलीन या विद्युतरोधक प्लास्टिकचा पातळ लेप होता, त्यानंही सांभाळून घेतलं असावं. नळी घट्ट केली, पेटी कोरडी व्हायला तास-दीड तास गेला, पुन्हा व्होल्टेज चढवलं. करंट जिथे असायला हवा तिथे. त्या रात्री मी एक गोष्ट कायमची शिकले: आर्द्रतेचा आलेख मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना दिसेल असा लावायचा.

गुरुवारी दुपारी गेस्ट हाउसच्या सामाईक स्वयंपाकघरात उठून चहा करायला गेले तर एक मुलगा माझ्या डब्याकडे बघत उभा. डब्यावर मी देवनागरीत 'भाजणी' लिहिलेलं.

"ताई, ही भाजणी तुमची काय? थालीपीठ खाऊन वर्ष झालं बघा."

कोल्हापूरचा. पेट्रा-३ वर (जुन्या पेट्राचंच आजचं रूप) क्ष-किरणांनी प्रथिनांचे स्फटिक तपासायला आलेला, त्याच्याही रात्रपाळ्याच. तव्याऐवजी तळणीचं पसरट भांडं होतं, लोणी जर्मन होतं, कांदा होता, कोथिंबीर नव्हती. तरी थालीपीठं झाली. त्यानं आईनं पाठवलेल्या फराळातल्या चकल्या काढल्या. दिवाळी पुढच्याच आठवड्यात होती.

बोलताना लक्षात आलं की आमचं दुखणं एकच. त्याचे स्फटिकही क्ष-किरणांच्या माऱ्यानं बिघडतात, मोजता मोजता मरतात. म्हणून ते त्यांना १०० केल्विनपर्यंत गोठवतात. "तुम्ही उणे तीसवर भागवता, आमचं उणे एकशे सत्तर," तो म्हणाला. त्याच्या प्रयोगात चित्र टिपणारा डिटेक्टरही सिलिकॉन पिक्सेलचाच, आणि त्या जातीच्या डिटेक्टरांचा उगम स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत, एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगासाठी झालेल्या पिक्सेलच्या कामात आहे. टकरी पाहायला केलेली वस्तू आज औषधांच्या संशोधनात राबते आहे. आणि त्याच्या पेट्रामधले इलेक्ट्रॉन आमच्याच डेझी-२ मधून जातात. "म्हणजे पाणी एकाच विहिरीचं की," असं म्हणून त्यानं शेवटचं थालीपीठ उचललं.

जाता जाता सांगते: गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात मीठ-तेल मिळेल असं धरून चालू नका. भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी ही तीन माणसं सोबत असली की रात्रपाळी सोपी जाते.

शुक्रवार

दिवस मोकळा मिळाला. पाऊस थांबून ऊन पडलं, तर शेजारच्या फोल्क्सपार्कमध्ये चालायला गेले. झाडं पिवळीधमक, खाली ओल्या पानांचा जाड थर. याच बागेखालून हेरा या जुन्या कोलायडरचा ६.३ किलोमीटरचा बोगदा जातो. १९९२ ते २००७ तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आदळत होते, आणि प्रोटॉनच्या आत काय चालतं याबद्दलचं आपलं आजचं ज्ञान बरंचसं तिथून आलं आहे.

बाकावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. "मोइन," म्हणाले, तर मीही मोइन म्हणाले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून विचारलं, कुठल्या हॉलमध्ये? मग कळलं की ते निवृत्त तंत्रज्ञ, हेराच्या अतिवाहक चुंबकांच्या थंडाव्यावर त्यांनी काम केलेलं. आमचा सेन्सर उणे ३० वर आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांची चुंबकं द्रवरूप हेलियममध्ये असत, उणे २७० च्या जवळपास. "थंड करणं सोपं," ते म्हणाले, "थंड ठेवणं अवघड." बुधवारची रात्र ताजी होती, मला ते पटलंच. अर्धा तास त्यांनी वेल्डिंगच्या गळतीबद्दल सांगितलं, आणि ते मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडलं. प्रयोगांच्या पेपरांवर शेकडो नावं असतात. चुंबक थंड ठेवणाऱ्या हातांची नावं तिथे फार कमी सापडतात, आणि मला ते चुकीचं वाटतं.

शनिवारची रात्र

शनिवारी दुपारी बाजार करून ठेवा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, आणि रात्रपाळी करणाऱ्याला रविवारीच सगळ्यात जास्त भूक लागते.

ही रात्र मोठी होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता युरोपात घड्याळ मागे जाऊन पुन्हा २ वाजतात. आमची आठ तासांची पाळी नऊ तासांची झाली. त्या जादा तासात बीम चालूच होता, म्हणजे आम्हाला तेवढे कण जास्त मिळाले. पण नोंदवहीत पहाटे अडीच दोनदा वाजले. कुठल्या अडीचला व्होल्टेज बदललं? स्लोव्हेनियन सहकाऱ्यानं आठवड्याच्या सुरुवातीलाच सगळ्या नोंदी यूटीसी या कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक वेळेत करायला लावल्या होत्या, म्हणून काही अडलं नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तेच करा.

आणि याच रात्री आम्ही ज्यासाठी आलो होतो ते दिसलं. प्लेनर जातीच्या (इलेक्ट्रोड पृष्ठभागावर असलेल्या) सेन्सरवर पायरीपायरीनं व्होल्टेज चढवत होतो. ताज्या अवस्थेत १५० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून जाणारा कण दहा-अकरा हजार इलेक्ट्रॉनांचा चार्ज देतो आणि शंभराच्या आसपास व्होल्ट पुरतात. एवढा मार खाल्ल्यावर तेवढ्यात तो जवळजवळ आंधळा असतो. ३०० ला थोडं दिसतं, ४०० ला बरं. प्रत्येक पायरीला पुरेसे कण जमेपर्यंत थांबायचं, मग पुढची पायरी. ५०० च्या पुढे कार्यक्षमतेचा वक्र वाकू लागला, ६०० नंतर सपाट होत गेला. पहाटेच्या त्या दुसऱ्या अडीचला हटमधल्या पडद्यावर तो सपाट भाग बघताना मला खरोखर भरून आलं. स्फटिकातले इतके अणू जागचे हललेले, तरी योग्य थंडावा आणि योग्य व्होल्टेज मिळालं की तो कण ओळखतो. चार्ज निम्म्यावर आला आहे, पण चिप हजारेक इलेक्ट्रॉनही ओळखू शकत असल्यानं निम्मा पुरतो. सेन्सर बनवणाऱ्यांनी, चिप आखणाऱ्यांनी, थंडावा पुरवणाऱ्यांनी प्रत्येकानं आपलं काम चोख केलं असेल तरच तो वक्र सपाट होतो.

रविवार

सकाळी पाळी संपवून तसेच मासळीबाजारात गेलो. एल्बेच्या काठचा हा फिशमार्क्ट १७०३ पासून भरतो, फक्त रविवारी, पहाटेपासून साडेनऊपर्यंत. नावात मासळी, पण फळं, फुलझाडं, चीज, जुने कपडे सगळंच. विक्रेते गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहून ओरडतात, टोपलीत अननस, आंबा, केळी कोंबत जातात आणि दर मिनिटाला भाव पाडतात. रात्रभर पार्टी करून आलेली मुलं, पहाटे उठलेले म्हातारे आणि आम्ही, सगळ्यांचे डोळे सारखेच लाल. जुन्या लिलावगृहात बँड वाजत होता आणि लोक सकाळी आठ-साडेआठला नाचत होते.

मी कडक पावात खारवलेला हेरिंग, कच्चा कांदा आणि लोणच्याची काकडी असं फिशब्रोट्शेन घेतलं. पाव तिथेच उभ्यानं संपवायचा असतो आणि वर सीगलकडे लक्ष ठेवायचं, ते हातातून पळवतात. नंतर दालचिनीचा, चपटा, कडेनं साखर करपलेला फ्रान्झब्रोट्शेन. हॅम्बुर्गला गेलात आणि एकच गोष्ट खायची असेल तर ही खा.

तिथून चालत सेंट पाउलीच्या जुन्या बोगद्यापर्यंत गेलो. १९११ चा, नदीखालून जाणारा, टाइल्स लावलेला, चालणाऱ्यांना फुकट. जुन्या मोठ्या लिफ्टनं खाली उतरायचं आणि ४२६ मीटर चालून पलीकडे निघायचं. पलीकडच्या काठावरून शहर फार सुंदर दिसतं. नदीतून फेरफटका मारायचा असेल तर महागड्या बोटीऐवजी ६२ नंबरची फेरी घ्या. ती साध्या शहरी तिकिटात चालते आणि थेट कंटेनर बंदरासमोरून नेते.

दुपारी झोपून संध्याकाळी शेवटच्या पाळीला. आता ३डी सेन्सर. १९९७ मध्ये शेरवुड पार्कर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली: इलेक्ट्रोड पृष्ठभागावर न ठेवता सिलिकॉनमध्ये खोल, बारीक खांबांसारखे कोरायचे. मग चार्जला १५० मायक्रॉन उभं न जाता पन्नासेक मायक्रॉन आडवं जावं लागतं. वाट लहान, म्हणून अडकण्याची भीती कमी, आणि व्होल्टेजही दीडशेच्या आसपास पुरतं. सर्वांत आतल्या थरासाठी याच जातीची निवड झाली आहे. माझ्या मते निवड योग्य आहे. बनवायला कठीण असले तरी तापण्याचा प्रश्न ते मुळातच हलका करतात.

बीम सरळ समोरून घेतला आणि लाखो कणांच्या नोंदी एकाच पिक्सेलवर एकावर एक रचून नकाशा काढला. सगळीकडे सेन्सर हो म्हणतो, फक्त ठरावीक अंतरावर छोटी वर्तुळं काळी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीत. ते खांब. कण नेमका खांबातून उभा गेला तर तिथे सिलिकॉन नाही, चार्ज नाही, म्हणून गप्प. मग सेन्सर थोडा तिरका केला. वाट खांबातून बाहेर सरकली आणि ठिपके एकेक करून विरले. कार्यक्षमता लगेच वर गेली. पुस्तकात वाचलेली रचना अशी पडद्यावर उमटते आणि पुसली जाते, ते समोर घडताना पाहणं वेगळंच. आमचा जर्मन मास्टर्सचा विद्यार्थी पहिल्यांदाच बीमवर आलेला. त्यानं तो नकाशा चार वेगवेगळ्या रंगांत छापून घेतला. कोल्हापूरकरही चकल्यांचा उरलेला डबा घेऊन हटमध्ये आला होता, बराच वेळ पडद्यासमोर उभा होता.

सोमवार

सकाळी पेटी उघडली, सेन्सर परत शीतपेटीत गेले, किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या माणसांनी सगळं तपासून कागदावर सही केली. पुढचा गट दारात उभाच होता. त्यांना आम्ही उरलेला सुका बर्फ, नायट्रोजनच्या जोडाबद्दल ताकीद आणि चकल्या दिल्या.

कोणाला जायचं असेल तर: इथे बीमसाठी अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो, आणि हिवाळ्यात रिंग काही काळ बंद असते. आठवड्यातला पहिला दीड-दोन दिवस मांडणीतच जातो हे धरून आखणी करा. ऊर्जा ५ जीईव्हीच्या आसपास ठेवली तर कण कमी मिळतात पण थंड पेटीच्या भिंतींतून ते कमी वाकतात. लहान पिक्सेलांसाठी तेच बरं. आणि तीन पाळ्यांना पुरतील एवढी माणसं न्या. दोघांनी आठवडा ओढायचा प्रयत्न करू नका.

आता आकडे तपासायचं काम चालू आहे. टेलिस्कोपचे थर एकमेकांशी नीट जुळवून घेतल्यावर शेवटचे आकडे ठरतील. तोवर हीच मॉड्यूल ६० अंशांवर ८० मिनिटं ठेवून, पुन्हा गोठवून, पुन्हा मोजायची आहेत. त्यासाठी पुढच्या वर्षीचा बीम मागितला आहे.